शंभर दाण्यांचा अहवाल

सामान आवरायला घेतलं त्या दिवशी शेषरावांनी आधी वही आखली. अनुक्रमांक, वस्तू, शेवटचा वापर, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात तीनच शब्द चालणार होते: अमरावती, वाटप, भंगार. अकोल्यातलं डाबकी रोडवरचं घर विकलं होतं, दहा जूनला ताबा द्यायचा होता, आणि अमरावतीला मुलीच्या म्हणजे मायाच्या घराजवळ चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन झाला होता. मायानं फोनवर नियम सांगितला होता, ज्याला वर्षभर हात लागला नाही ते काढून टाकायचं. शेषरावांना तो फार पटला. ते मुळात नियमाचेच माणूस होते.

“वर्सभर हात न लावलेलं काढाचं म्हनता,” त्यांची बायको पंचफुला माळ्यावरून आलेली परात पुसत म्हणाली, “मंग पयल्या गाडीत मलेच बसवा.”

“तू सजीव हायेस. ही यादी निर्जीवाची हाय,” शेषरावांनी मान वर न करता सांगितलं आणि परातीपुढे ‘वाटप’ लिहिलं.

चौतीस वर्षं ते सरकारी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. नमुना आला की त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ठरल्या दिवशी ती उघडून किती उगवले ते मोजायचं, अहवाल लिहायचा, सही करायची. त्यांच्या एकाही अहवालावर कधी हरकत आली नव्हती. त्या अहवालांच्या प्रती घरी चार गठ्ठ्यांत बांधून होत्या आणि निवृत्तीपासूनच्या अकरा वर्षांत त्यांची गाठ सुटली नव्हती. वहीत त्या नवव्या क्रमांकावर होत्या. पुढे लिहिलं होतं, अमरावती. पंचफुलानं ते वाचलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

आठ दिवसांत घर निम्मं झालं. गव्हाची लोखंडी कोठी गेली, पाटा गेला, तिच्या आईच्या हातच्या तीन गोधड्या कामवालीच्या घरी गेल्या. जातं भंगारवाल्यानंही नेलं नाही. ते फाटकाशी पडून होतं आणि दुपारी त्यावर कुत्रं बसत होतं.

एकसष्टाव्या क्रमांकाला शेषरावांनी स्वयंपाकघराच्या कोनाड्यातला तुपाचा जुना डबा उघडला. “राख, एक डबा,” ते लिहू लागले.

“राख नोहे ते. वाल हाय.”

“कोनता वाल?”

“तुमाले ठावं हाय कोनता.”

त्यांना ठाऊक होतं. पंचफुलाचे वडील भगवंतराव पातूरजवळ भाजीपाला करत. त्यांच्या कुंपणावर वालाचे वेल असत. जांभळ्या काठाची शेंग, तपकिरी दाणा, दाण्याच्या डोळ्यापाशी पांढरी रेघ. वांग्यात तो दाणा पडला की बाजारातली माणसं पुढच्या आठवड्यात नाव विचारत परत येत. लग्नाच्या वर्षी, म्हणजे एक्केचाळीस वर्षांपूर्वी, धोंड्याचा महिना आला. नव्या जावयाला जेवायला बोलावलं. चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे मांडले. शेषरावांनी येताना सरकारी बियाण्याची पाकिटं आणली होती आणि जेवता जेवता ते म्हणाले होते की, घरचं बियाणं म्हणजे अंधारात दगड मारणं, यापुढे प्रमाणित तेच पेरा. धोंड्याचा जावई म्हणजे त्या दिवसापुरता देवच, त्याचा शब्द कोण मोडणार? भगवंतरावांनी पाकिटं डोळ्याला लावली. पेरणीसाठी राखलेला वाल दुसऱ्या दिवशी भिजत पडला, त्याची उसळ झाली आणि ती जावयालाच वाढली गेली. जावयानं दोनदा मागून घेतली.

भिजत घालण्याआधी पंचफुलानं एक मूठ पदराला बांधली होती. तेवढी.

ती मूठ तिनं अकोल्याला मागच्या भिंतीशी लावली. एक वर्ष आड लावायची, शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, दाणे कडुनिंबाच्या पाल्यासोबत राखेत ठेवायचे. शेषराव त्याला ‘तुझं घरगुती’ म्हणत. गेली तीन वर्षं गुडघ्यानं दगा दिला, लावणं झालं नाही. आणि यंदा भावाची मुलगी आकांक्षा, जी आता पातूरची शेती बघत होती, तिचा फोन आला. “आत्या, बाजारात मानसं जुन्या वालाचं इचारून राहिले. बाबा म्हनते, फक्त तुयापाशीच असन.” पंचफुलानं फोन ठेवला आणि डबा पालथा करून दाणे मोजले. एकशे बारा.

“आकांक्षा एकतीस तारखेले येनार हाय न्याले,” तिनं सांगितलं. “तवरोक डबा तिथंच राहू द्या.”

“तपासल्याबिगर बियानं या घरातून जानार नाई,” शेषराव म्हणाले. “चौतीस वर्सं मी काय केलं मंग?”

“तपासा ना. चार दाने घ्या अन् तपासा.”

“चार दान्यानं काय कळते?”

बसची वेळ झाली होती. तिला अकरा दिवस अमरावतीला जाऊन नवं स्वयंपाकघर लावायचं होतं. “मी पुढच्या शनवारी येतो,” एवढं बोलून ती निघाली.

अमरावतीचं स्वयंपाकघर लावायला अकरा दिवस लागले नाहीत, तीन लागले. फळ्या तीनच होत्या. उरलेले दिवस ती बाल्कनीच्या जाळीतून खालच्या गाड्या बघत बसली. बाल्कनीत दोन कुंड्या मावल्या असत्या. वाल कुंडीत होत नाही, त्याला कुंपण लागतं, पण आता ते पातूरला होणार होतं. मायाला तिनं ते दोनदा सांगितलं. माया दोन्ही वेळा म्हणाली, “बरं झालं आई. इथं ती राख आणू नको, पाइप तुंबतात.”

शनिवारी दुपारी ती अकोल्याला उतरली तेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. शेषरावांनी दार उघडलं, कूलर वाढवला आणि स्वतः पाणी आणून दिलं. हे कधी होत नसे.

“बस. बातमी हाय,” ते म्हणाले आणि एक आखलेला कागद तिच्यापुढे ठेवला.

पंचफुला सातवीपर्यंत शिकली होती. तिनं सावकाश वाचलं. वाल, स्थानिक, घरगुती साठवण. तपासणीचे दिवस दहा. उगवण सत्त्याऐंशी टक्के. शेरा: पास. खाली त्यांची तिरपी सही.

“तीन वर्साचं जुनं बियानं, अन् सत्त्याऐंशी!” शेषराव म्हणाले. “कंपन्याचं येत नाई एवढं. मानलं तुले.”

एक्केचाळीस वर्षांत या माणसानं तिला पहिल्यांदा पास केलं होतं. तिला हसू आलं, आणि ते चेहऱ्यावर असतानाच तिची नजर वरच्या ओळीवर गेली. तपासलेले दाणे: शंभर.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं डब्यात मनगटापर्यंत हात घातला. राख होती. कडुनिंबाचा वाळलेला पाला होता. बोटं तळाला लागली.

“बाकीचे कुठी हाय?” तिनं तिथूनच विचारलं.

“बारा किडके निंगाले. तपासनीत घेता येत नाई ते. पुडीत घालून अहवालाले टाचले.”

“अन् उगवले ते?”

“ते…” शेषराव दारात आले. “मोजनी झाली की टाकाच लागते ते.”

“कुठी टाकले?”

“सकाळी. घंटागाडीत.”

प्रयोगशाळेत शंभर दाणे येत, उगवत, मोजले जात, फेकले जात, आणि मूळचं पोतं शेतकऱ्याच्या घरी शाबूत असे. इथं पोतं नव्हतं. हे शेषरावांच्या आता लक्षात आलं. लक्षात येताना त्यांचा चेहरा कसा झाला ते पंचफुलानं पाहिलं, आणि मग तो चेहरा त्यांनी पुन्हा सारखा केला तेही पाहिलं.

“पद्धत हाय तशी,” ते म्हणाले.

तिनं पुडी सोडली आणि दाणे खिडकीशी नेऊन एकेक करून पाहिले. चौतीस वर्षांत निदान एकदा तरी हा माणूस चुकला असेल, एवढंच तिला हवं होतं. बाराच्या बारा दाण्यांना बरोबर डोळ्यापाशी भोक होतं. तिनं पुडी पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आकांक्षा स्कूटीवरून आली. यंदाही धोंड्याचा महिना होता, त्यामुळे माहेरानं जावयाचं वाण पाठवलं होतं. तिनं ताटली काढली, तेहतीस अनारसे मांडले, वर छोटा दिवा ठेवला आणि शेषरावांच्या पाया पडली. मग पिशवीतून दुसरी एक पिशवी काढली, नवीन, हातशिलाईची, तोंडाला नाडी घातलेली. बियाण्यासाठी.

“बांबू ठोकून झाले, आत्या. बाबा रोज कुंपनापाशी जाऊन उभे राहते. म्या म्हनलं, अजून पेरलं नाई, पाह्याले काय जाता?” ती हसली आणि शेषरावांकडे वळली. आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामाजी म्हणे. “आत्या सांगत होती, तुमी तपासनार. काय म्हनते मामाजी तुमची वही?”

पंचफुला दाराशी पाटावर बसली होती. लग्नापासून या माणसाचा प्रत्येक शब्द तिनं माहेरी मऊ करून पोचवला होता. पाकिटाचं पीक तिसऱ्या वर्षी रोगानं गेलं तेव्हाही तिनंच वडिलांना सांगितलं होतं की, यांचं काय चुकलं, हवाच तशी होती. आज आपण बोलायचं नाही, असं ठरवून ती बसली होती. ज्यानं केलं त्यानं सांगावं.

शेषरावांनी घसा साफ केला. दिव्याकडे पाहिलं.

“लय जुनं झालं होतं ते बियानं,” ते म्हणाले. “उगवन नाई आली. नापास.”

“सारंच?”

“सारंच.”

आकांक्षाचा हात पिशवीच्या नाडीवर थांबला. ती आत्याकडे वळली, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. “राहू दे, आत्या. तुयाकून झालं नसन आता. पन दोन वर्साआंधी मले एक फोन केला असता, त म्या पेरून देलं असतं.”

बियाणं काल गेलं होतं. ते गेलं हे गिळून पंचफुला उठली होती, तिनं चहा केला होता, अंगण झाडलं होतं. पण आता तिचं राखणंही कचऱ्याच्या गाडीत निघालं होतं. पातूरला हेच जाणार होतं, भावाला हेच कळणार होतं, की पंचफुलाच्या हातून वाल मेला.

ती भिंतीला धरून उठली. आतल्या खोलीत अमरावतीच्या सामानात चार गठ्ठे होते. चौथ्याची गाठ सोडून तिनं सगळ्यात वरचा कागद काढला, टाचलेली पुडी सोडवून बाजूला ठेवली आणि कागद आकांक्षाच्या हातात दिला.

“वाच. मोठ्यानं वाच.”

“अवं,” शेषराव म्हणाले, “कशाले…”

“तुमी बसा. वाच वं पोरी.”

आकांक्षा वाचू लागली. “वाल, स्थानिक. तपासलेले दाणे शंभर. उगवण सत्त्याऐंशी टक्के. शेरा, पास.” ती थांबली. “पास?”

“खाली सही कोनाची हाय?”

“मामाजींची.”

“त्यायले खोटं लिवता येत नाई,” पंचफुला म्हणाली. “बोलता येते.”

कूलरचं पाणी संपत आलं होतं, नुसताच पंखा फिरत होता. आकांक्षानं कागद पुन्हा पाहिला. “मंग बियानं कुठी हाय?”

“तपासाले लागलं सारं. उगवलेले कोंब मोजले अन् काल सकाळी कचऱ्याच्या गाडीत देले. मी दुपारी आली.”

“पद्धतच असते तशी, बाई,” शेषराव अनारशांकडे बघत म्हणाले. “नियमानं ते…”

“मले एक फोन करता, मामाजी,” आकांक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “कागदासकट कोंब उचलून नेले असते. दहा दिवसाचे कोंब लागतेच की मातीत. मी रोज लावतो.”

हे शेषरावांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या कामात ते कधी लागलं नव्हतं, इतकंच.

आकांक्षानं चहाला नको म्हटलं. कागदाची घडी घालता घालता तिनं विचारलं, “हा नेऊ, आत्या? बाबाले दाखवतो. बियानं जितं होतं मनून.”

“ने.”

“तो फायलीतला हाय,” शेषराव म्हणाले.

नव्या शिवलेल्या पिशवीत आकांक्षानं तो एक कागद घातला, नाडी ओढली आणि स्कूटीच्या हँडलला लटकवली. फाटकाशी जात्यावरचं कुत्रं उठून बाजूला झालं. ताटलीत दिवा तेवढा वेळ जळत होता, मग तेल संपून विझला. अनारशांना कोणी हात लावला नाही.

संध्याकाळी पंचफुला मोरीशी बसून तो डबा घासत होती. घासायला दुसरं काही लागलं नाही, राख त्याच्यातच होती. बैठकीत शेषरावांनी चौथा गठ्ठा मांडीवर घेतला होता. त्यांनी वरचे कागद चाळले, मग कोरा कागद घेतला, पट्टीनं रकाने आखले आणि आठवून आठवून लिहू लागले. वाल, स्थानिक, घरगुती साठवण. मध्येच त्यांचा पेन थांबला.

“अवं,” त्यांनी हाक दिली, “ते किडके बारा होते का तेरा?”

पंचफुलानं डब्यावर पाणी ओतलं. राख वाहून मोरीत गेली.

“बारा,” ती म्हणाली.

शेषरावांनी बारा लिहिलं, तारीख टाकली आणि खाली सही केली.