बुधवारचं झाकण

मित्रांनो, माझ्या बुधवारला झाकण नाही. बाकी सहा वारांची झाकणं अजून जागेवर आहेत. बुधवारचं कुठे गेलं, तेच सांगायचंय.

मी एक जुना गोळ्यांचा डबा. फिकट निळा, प्लॅस्टिकचा, सात कप्प्यांचा. एका शिंप्याच्या घरी आलो तेव्हा नवाकोरा होतो. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. हृदयाचा झटका येऊन ते नुकतेच दवाखान्यातून परतले होते. त्यांची बायको दर रविवारी चष्मा लावून मला भरायची. मास्तर म्हणायचे, "आता माझा जीव हिच्या मुठीत." ती मान वर न करता म्हणायची, "आजवर कुठे होता मग?"

मास्तरांचे वडील याच दुखण्याने गेले होते. त्यांच्या वेळी जिभेखाली ठेवायची एक गोळी आणि पडून राहायचं, बस. मुलाचं लग्नही त्यांना बघायला मिळालं नाही. माझ्या पोटात मात्र वर्षागणिक गर्दी वाढली. रक्त पातळ ठेवणारी आली, ठोके आवरणारी आली, कोलेस्टेरॉलची आली, रक्तदाबाची पांढरी आली. तरी मास्तरांचं हृदय थकतच चाललं. पाय सुजायचे. दुकानाच्या अकरा पायऱ्या चढताना ते तीनदा थांबायचे. मापं घेताना धाप लागायची, तेव्हा एक जाडं गिऱ्हाईक म्हणालं होतं, "मास्तर, पोट मी आत घेतो, श्वास तुम्ही घ्या."

मग एक नवी गोळी आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही तुमच्या वडिलांच्या वेळी असायला हवी होती. जुनी पांढरी गोळी आता बंद, दोन्ही एकत्र घेतल्या तर जिवावर बेतेल, असंही त्यांनी बजावलं. बायकोने नीट ऐकलं. मास्तरांचं अर्धं लक्ष डॉक्टरबाईंच्या कोटाच्या उसवलेल्या खिशाकडे होतं. पुढच्या खेपेला त्यांनी तो कोट मागून घेतला आणि तिथेच बसून खिसा शिवून दिला.

घरी आल्यावर बायकोने जुनं पाकीट कचऱ्यात टाकलं. मास्तरांनी ते गुपचूप उचललं आणि बटणांच्या डब्यात ठेवलं. चिंधीसुद्धा न फेकणारा माणूस तो.

नव्या गोळीने कमाल केली. तीन महिन्यांत मास्तर अकरा पायऱ्या एका दमात चढायला लागले. मीही जरा फुशारलो होतो.

मग लेकीचं बाळंतपण आलं. बायको पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेली. जाताना मला भरून गेली, पण मला कप्पे सातच. रविवारी फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मास्तरांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच स्वतः मला भरायला बसले. सगळ्या गोळ्या बरोबर टाकल्या. मग बटणांचा डबा उघडला.

"वरून नवं कापड, आतून जुनं अस्तर," ते स्वतःशीच म्हणाले. "कोट दुप्पट टिकतो. नातीला कडेवर घेऊन चढायचंय."

प्रत्येक कप्प्यात एकेक पांढरी गोळी पडली. मला कळत होतं, पण सांगणार कशाने?

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी संध्याकाळी खालचा ओठ सुजला. दुकानात काजं करणाऱ्या मावशी म्हणाल्या, दवाखान्यात दाखवा. मास्तर म्हणाले, गांधीलमाशी चावली असेल.

बुधवारी सकाळी मास्तरांनी मला दुकानात नेलं, तिथे माझं झाकण उघडेना. मी घट्ट धरून ठेवलं होतं की ते नुसतंच अडकलं होतं, मला खरंच माहीत नाही. धरलं होतं असं म्हणायला आवडेल. मास्तरांनी कात्रीचं टोक घातलं. झाकण तुटून मशीनखाली उडालं. त्यांनी गोळ्या घेतल्या.

दुपारी जीभ तोंडात मावेना. मावशींनी त्यांना गाडीत घातलं आणि मलाही पिशवीत घेतलं. दवाखान्यात त्याच डॉक्टरबाई होत्या. खिशावर बारीक, एकसारखी शिलाई. त्यांनी माझं गुरुवारचं झाकण उघडलं आणि पांढरी गोळी चिमटीत उचलली.

"हे कुणी भरलं?"

मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

डॉक्टरबाईंनी खूप धडपड केली. पण सूज घशात उतरली होती. संध्याकाळी मास्तर गेले. वडील गेले कारण औषध नव्हतं. मास्तरांचं हृदय तर औषधाने सावरलं होतं.

आता माझ्यात त्यांच्या बायकोच्या गोळ्या असतात. बुधवारच्या कप्प्यावर ती अस्तराचा एक तुकडा रबर लावून बांधते. डॉक्टरांनी काही नवं लिहून दिलं की आधी विचारते, "आणि बंद काय करायचं?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. येत्या रविवारी आजी-आजोबांजवळ बसून त्याच्यात काय काय आहे ते विचारा. कपाटात, बटणांच्या डब्यात जुनी पाकिटं उरली असतील तर ती औषधवाल्याकडे नेऊन दाखवा. आम्हा डब्यांना बोलता येत नाही. आमचं झाकण फक्त कधीतरी अडकतं.