नऊशे नव्व्याण्णव कुणाचे?

प्राचीला बघायला पाहुणे साडेअकराला यायचे होते, आणि दहा वाजून गेल्यावर इंदूबाईंच्या लक्षात आलं की घरात द्यायला धड साडी नाही.

"पसंती झाली तर त्याच्या आईच्या ओटीत काय घालू? नारळ आणि माझं कपाळ?"

"आई, आधी पसंत तर पडू दे. मला," प्राची म्हणाली.

"तुझं ते मागनं बघू. आधी साडी आन जा. चौकात त्या जितेशशेठकडं सेल लागलाय. आन काळी आनू नको गं बाय. संक्रांतीचा उरलेला माल असंल."

प्राची सत्तावीस वर्षांची होती. खालापूरजवळच्या एका कारखान्यात ती प्लॅस्टिकच्या बाटल्या तपासायची. हवा भरायची, पाण्यात दाबायची, कुठून बुडबुडा येतो ते बघायची. माणसांकडेही ती तशीच बघते, अशी तिच्या आईची तक्रार होती. आतापर्यंत पाच मुलं येऊन पोहे खाऊन गेली होती आणि पाचही कुठून ना कुठून गळकी निघाली होती. आजचा सहावा पोशीरचा, देवेश नावाचा. मध्यस्थ मोरूमामांनी त्याचा फोटो पाठवला होता. त्यात एक डोंगर होता, एक मोठा गॉगल होता, आणि गॉगलच्या खाली थोडासा देवेश होता.

तिने डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळलं आणि स्कूटरला किक मारली.

दुकानात झुंबड होती. 'कोणतीही साडी ९९९' असा पुठ्ठा दारातच टांगलेला. गल्ल्यावर जितेशशेठने नवाच डबा आणून ठेवला होता. त्याच्या डोक्यावर मोबाईल टेकवला की पैसे जातात. ज्यांना टेकवायचा नसेल त्यांच्यासाठी बाजूच्या खांबावर स्कॅन करायचा कागद चिकटवलेला. पैसे कसेही आले तरी डब्यातली बाई तेवढ्याच खणखणीत आवाजात बोलायची. आणि सेल असल्यामुळे सकाळपासून ती एकच वाक्य बोलत होती. "नऊशे नव्व्याण्णव रुपये प्राप्त झाले." बाई बोलली की जितेशशेठ मान वर न करता समोरच्याच्या हातात पिशवी द्यायचा. हिशेब सोपा होता.

प्राचीने मोरपंखी साडी निवडली आणि रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे एक उंच माणूस होता. मोहरीच्या रंगाच्या पट्ट्यांचा शर्ट, केसांना भरपूर पाणी. तो डब्यावर मोबाईल टेकवत होता. डबा 'टूंक' करून लाल दिवा दाखवत होता. त्याने मोबाईल उताणा केला, पालथा केला, आडवा धरला, मग डब्याभोवती गोल फिरवला.

"भाऊ, आरती झाली असेल तर स्कॅन करा ना," जितेशशेठ म्हणाला. "मागे लोक उभे आहेत."

"शेठ, स्कॅन आता जुनं झालं. कॅमेरा उघडा, आकडा टाका, पिन टाका. ह्यात नुसता टेकवायचा. सगळीकडं हेच येणार आता."

"येईल तेव्हा येईल. आत्ता येत नाही ना."

"तुमच्या डब्याला रेंज नाय. माझ्याकडनं कधी फेल जात नाय."

प्राचीने घड्याळ बघितलं. दहा चाळीस. तिने बाजूने हात लांबवून खांबावरचा कागद स्कॅन केला, आकडा टाकला, पिन टाकला. मोबाईलवर हिरवी खूण आली. त्याच वेळी पुढच्या माणसाने सातव्यांदा मोबाईल टेकवला, आणि डब्यातली बाई कडाडली, "नऊशे नव्व्याण्णव रुपये प्राप्त झाले."

"बघा!" तो माणूस दुकानाकडे तोंड करून म्हणाला. "थोडा धीर धरायचा असतो." जितेशशेठने पिशवी पुढे केली. ती घेऊन तो असा बाहेर पडला जणू डब्याला त्यानेच बोलायला शिकवलं होतं.

"हां ताई, तुमचे?" जितेशशेठने विचारलं.

"माझे दिले की. आत्ता बोलला तो माझाच."

"तो त्या भाऊंचा."

प्राचीने मोबाईल पुढे धरला. जितेशशेठने पाहिल्यासारखं केलं. "ताई, स्क्रीन कोणपण दाखवतो. फेक ॲप निघालीत. डबा एकदाच बोलला. साडी दोन जाणार कशा?"

"मग तुमच्या मोबाईलमध्ये बघा कुणाचं नाव आलंय ते."

"ते मोठ्या भावाच्या मोबाईलमध्ये आहे. तो कर्जतला गेलाय, फोन उचलत नाही."

मागून एक बाई म्हणाली, "अगं दे की बाय, आम्हाला बी घरं हायत." प्राचीचं डोकं तापलं. पण पावणेअकरा वाजत आले होते. तिने दात खाऊन पुन्हा स्कॅन केलं, पुन्हा पैसे भरले. डबा पुन्हा बोलला. एका साडीचे दोनदा पैसे देऊन ती घरी आली आणि वाटभर त्या पट्टेवाल्या शर्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली.

पाहुणे वेळेवर आले. प्राची स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होती. तेवढ्यात ओटीवरून आवाज आला.

"पाकीट मी ठेवतच नाय, काका. काय गरजच नाय. नुसता टेकवायचा."

प्राचीचा हात खोबऱ्यातच राहिला. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. मोहरीच्या रंगाचे पट्टे. आणि बाजूला, त्याच्या आईच्या मांडीवर, जितेशशेठच्या दुकानाची पिशवी.

तिला आधी किंचाळावंसं वाटलं, मग हसावंसं वाटलं. म्हणजे तिला बघायला आलेल्या मुलाने तिच्यासाठी जी साडी आणली होती, तिचे पैसे तिनेच भरले होते. असं नशीब पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचं नसेल. तिने पदर नीट केला, बशा घेतल्या आणि बाहेर गेली.

देवेशने तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्याने एकदा पाहिलं, मग चोरून पुन्हा एकदा पाहिलं आणि पोह्यांत मान घातली. त्याची आई येसूबाई मात्र सरळ तोंडाकडे बघून हसली. मोरूमामा म्हणाले, "विचार गं पोरी, तुला काय विचारायचं त्ये. आताच्या पोरी काय ऐकत नायत, त्याच आधी विचारतात."

"ती साडी चौकातनं घेतलीत का?" प्राचीने विचारलं.

देवेश खुलला. "हो, येता येता. आई गाडीत बसली होती, मी पटकन जाऊन..."

"मोबाईल टेकवून?"

"हो! म्हणजे शेठच्या डब्याला जरा रेंज नव्हती, पण गेले."

"पैसे गेल्याचा मेसेज आला?"

"डबा बोलला की."

"डबा नाव घेतो का कुणाचं?"

देवेशने हसत हसत मोबाईल काढला. अंगठा वर गेला, खाली गेला, पुन्हा वर गेला. हसू हळूहळू ओसरलं. प्राचीने आपला मोबाईल त्याच्यासमोर पाटावर ठेवला. नऊशे नव्व्याण्णव, दहा एक्केचाळीस. नऊशे नव्व्याण्णव, दहा शेहेचाळीस.

"तुमच्या मागं एक स्कार्फवाली उभी होती," ती म्हणाली. "ती मी."

मग येसूबाईंनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे तू पोरगी बघायला चोरीची साडी घेऊन आलास?"

मोरूमामांना पोह्यांचा ठसका लागला. इंदूबाई पाणी आणायला धावल्या. येसूबाईंनी पिशवीतून साडी ओढून काढली, उठून दारातल्या उन्हात धरली आणि त्यांचा आवाज चढला. "आन ही तर काळी हाय! अरं भाड्या, चोरायचीच होती तर रंग बघून तरी चोरायची!"

"दुकानात नेव्ही ब्लू दिसत होती," देवेश पुटपुटला. तो अजून मोबाईल खालीवर करत होता. "पण असं होईल कसं? मोबाईलला जोडलेलं कार्ड तर..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "कार्डाची मुदत डिसेंबरात संपली म्हणतंय. नवीन पाठवलं म्हणतंय."

"ते बँकेचं पाकीट व्हय?" येसूबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या टायमाला आलं त्ये? देवाऱ्यात ठेवलंय मी. बँकेचं होतं, म्हटलं लक्ष्मी हाय, कुटं इकडंतिकडं नको."

"आई, तीन महिने?"

"रोज हळदकुंकू वाहते मी त्याला. तू विचारलंस का कदी?"

प्राचीच्या बाबांनी हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. प्राची देवेशकडे बघत होती. आता हा काय करतो, ते तिला बघायचं होतं. पहिल्या पाचांपैकी कुणीही असता तर दुकानदाराला, बँकेला नाहीतर आईला शिव्या देऊन मोकळा झाला असता. देवेशचे कान लाल झाले होते.

"खरं सांगायचं तर मी पण रोज स्कॅनच करतो," तो म्हणाला. "आज नवीन डबा दिसला म्हणून जरा... मिरवायला गेलो." तो उठला. "मी जाऊन पैसे देऊन येतो."

"बस रं," मोरूमामा म्हणाले. "इथनंच दे की फोनवर तिला."

"तिचे देईन हो. पण तिथं वीस माणसांसमोर शहाणपणा शिकवून आलोय, आन शेठनं हिला खोटी ठरवली. ते तिथंच जाऊन सांगायला पायजे."

"मी पण येते," प्राची म्हणाली. "माझे मी शेठकडूनच घेणार." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटरची चावी घेतली.

मुलगी बघायला आलेला मुलगा मुलीच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर काळी साडी घेऊन गावातून निघाला, तेव्हा वालाची भाजी खुडणाऱ्या बायका शेतात उभ्या राहून बघायला लागल्या. देवेश मागची दांडी धरून अंग चोरून बसला होता.

"राग आलाय?" त्याने विचारलं.

"आलाय. पण कुणाचा ते ठरवतेय."

दुकानात गर्दी तशीच होती. देवेश गल्ल्यापाशी गेला आणि घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, मघाशी माझे पैसे गेलेच नव्हते. मी न बघता निघून गेलो. ह्या ताईंचे... म्हणजे ह्यांचे दोनदा गेले. चूक माझी."

'ताई' ऐकून प्राचीला खुदकन हसू आलं. बरं झालं, स्कार्फ होता.

जितेशशेठचा चेहरा पडला होता. "हो हो, मोठ्या भावाचा फोन आला आत्ताच. दोन्ही एकाच नावाचे. मी पण म्हटलं, ताईंची स्क्रीन बरोबर होती..."

"तुम्ही फेक म्हणालात," प्राची म्हणाली.

"तसं नाही ताई, आजकाल लोक..."

देवेशने स्कॅन केलं. मोबाईलवर गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. डबा गप्प. आता दुधाने तोंड पोळलेला जितेशशेठ हात बांधून उभा राहिला. "बोलू द्या त्याला. बोलल्याशिवाय कोण हलायचं नाही."

मग दोघं गादीवर, सोडलेल्या साड्यांच्या ढिगात बसून राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"तुम्ही काम काय करता?" प्राचीने विचारलं. मोरूमामांनी 'ऐरोलीला ऑफिसात' एवढंच सांगितलं होतं.

देवेशने बाजूच्या एका साडीची घडी नीट केली. "हेल्पलाईनला असतो. पैसे कापले पण पोचले नाहीत, असे फोन येतात ना? ते मी घेतो."

प्राचीने स्कार्फ खाली ओढला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"दिवसभर लोकांना सांगतो, 'चोवीस तास वाट बघा.' लोक शिव्या घालतात. मला वाटायचं, नऊशे-हजारासाठी माणसं इतकी काय भांडतात." तो डब्याकडे बघत होता. "आज तुमच्याशी बोलला तसा शेठ माझ्याशी बोलला असता, तर मी डबा उचलून नेला असता."

प्राची मनापासून हसली. मग त्याने तिला बाटल्यांबद्दल विचारलं. किती दाब देतात, बुडबुडा कुठून निघतो, गळकी बाटली पुन्हा वितळवतात का. ह्याआधी हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते नोकरी कधी सोडणार एवढंच. ती सांगत बसली. बोलता बोलता डबा खणखणला, "नऊशे नव्व्याण्णव रुपये प्राप्त झाले," आणि गल्ल्यावरच्या तीन बायका एकदम म्हणाल्या, "माझे!" आता जितेशशेठने तिघींच्याही स्क्रीन मागितल्या, देवेशचीही मागितली, आणि भावाला फोन लावून नाव विचारून घेतलं. ते देवेशचंच निघालं.

प्राचीने आपले पैसे नोटांत मोजून घेतले. काळी साडी बदलून मागितली तेव्हा जितेशशेठ म्हणाला, "सेलचा माल बदलत नाही."

"फेक म्हणालात त्याचं काय?"

जितेशशेठने मुकाट्याने ढीग पुढे सरकवला. तिने एक अंजिरी साडी निवडली आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन नीट बघितली. देवेश शेजारी उभा राहून म्हणाला, "ही अंजिरीच आहे ना? मी आता कशाचीच खात्री देत नाय."

घरी परतले तेव्हा पोहे थंड होऊन गोळा झाले होते, आणि येसूबाई इंदूबाईंना वालाचं बिरडं सोलू लागत होत्या. इंदूबाईंनी लेकीला दंडाला धरून मोरीपाशी नेलं.

"काय गं? काय सांगू त्यांना? पोरगा जरा येडा वाटतोय."

"हट्टी आहे," प्राची म्हणाली. "फुशारक्या मारतो. रंगही कळत नाहीत त्याला. पण चूक झाली की चारचौघांत मोठ्यानं कबूल करतो. आपल्या घरात असा एक तरी आहे का?"

ओटीवर बाबांनी खोकल्यासारखं केलं.

"मग होकार सांगू?"

"एवढ्यात नको. सांग, पुढच्या रविवारी मी पोशीरला जाणार. त्यांचं घर मी बघणार, पोहे ते करतील."

इंदूबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी डब्यातून आणखी दोन वाट्या तांदूळ काढला आणि ओटीकडे बघून हाक दिली, "आवो, त्यांना जेवल्याबिगर सोडू नका!"