शेणाचा हात

अंगणातल्या खुर्चीतूनच आप्पांनी काठीच्या टोकानं ढकललं तसं घमेलं एका अंगावर कलंडलं आणि ताजं शेण ओटीच्या पायरीशी पसरलं.

"हात लावू नकोस त्याला," ते म्हणाले.

अक्षया होती तिथंच उभी राहिली. ओढणी कमरेला खोचलेली, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. हे घमेलं तिनं वरच्या घरच्या गोठ्यातून डोक्यावरून आणलं होतं, आणि मान अजून अवघडलेली होती.

"मग कोण लावणार? मैना आज सारवायला येत नाही, तिचा फोन आला होता. रात्री पालखी त्यांच्याच वाडीत बसली. तिकडून निघाल्याशिवाय ती सुटत नाही."

"नाही तर नाही. पण शेण बाटवायचं नाही."

शेण बाटतं! काय ऐकावं लागेल त्याचा नेम नाही. अक्षयाला एरवी हसू आलं असतं, पण आज तिचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. दुपारच्या आत देवीची पालखी या दारात येणार होती. शिमग्यात ती गावातल्या घराघरांत जाते आणि न सारवलेल्या अंगणात खाली टेकत नाही, पुढच्या घरी जाते. आप्पांचं घर मानकऱ्यांचं. तिथून पालखी तशीच पुढं गेली, तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

लग्न झाल्यापासून दर शिमग्याला आप्पा, तिचे सासरे, तिला गोड बोलून खेडला आईकडे पाठवत. "चार दिवस माहेरपण करून ये." ती जाई. तिच्या माहेरचे लोक बौद्ध, त्यांना देवीचं काही नव्हतं, त्यामुळे भांडायला तरी काय होतं? या वर्षी आप्पा विहिरीच्या पायरीवर घसरले, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात गेला, आणि बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्यानं, दर्शननं, फोन करून तिला थांबायला सांगितलं. थांबल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला जायचंच नव्हतं कधी. पालखीच्या पाया ती पडणार नव्हती. पण पालखी आली म्हणून स्वतःच्या घरातून बाहेर पडायचं, हे आता होणार नव्हतं.

तिनं वाकून दोन्ही हातांनी सांडलेलं शेण घमेल्यात भरायला घेतलं.

"अगो, सांगितलं ना!"

"शेण बाटत नाही, आप्पा. तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"नववीत. डर्टचा तास."

आप्पांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

अलोऱ्याला प्रकल्पाच्या वसाहतीत तिचे वडील हेल्पर होते आणि आप्पा तिथंच इंग्रजी शिकवायचे. तेव्हा ते सर होते. एका तासाला त्यांनी फळ्यावर 'ड्रिट' असं लिहिलं आणि विचारलं, हे काय आहे सांगा. कोणालाच येईना. मग ते मिशीत हसत म्हणाले, ही विष्ठा आहे. हसून हसून वर्ग फुटायचा बाकी राहिला. उत्तरेच्या समुद्रावरून आलेल्या लोकांनी हा शब्द इंग्लंडात आणला, त्यातल्या दोन अक्षरांनी पुढं जागा बदलल्या आणि त्याचा 'डर्ट' झाला. मग तो चिखल झाला, कपड्यावरचा मळ झाला. कोणाची बदनामी करायची तर लोक हाच शब्द उकरून काढू लागले. स्वस्त वस्तू त्याच्याच भावानं विकली जाऊ लागली. अमेरिकेत तर शेतातल्या चांगल्या मातीला हाच शब्द, आणि ज्या मातीत सोन्याचे कण सापडतात तिलाही हाच. सरांनी खडू खाली ठेवला होता. "पोरांनो, घाण अशी वेगळी वस्तू जगात नसते. माणसं ठरवतात. ज्याला नाक मुरडता, त्याच्यावरच भात उभा राहतो." पहिल्या बाकावर बसलेल्या अक्षयाला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस देव आहे. पुढं दर्शननं मागणी घातली तेव्हा तिची आई घाबरली, पण अक्षया घाबरली नव्हती, ते त्या तासाच्या भरवशावर.

शिकवलेलं आणि वागलेलं यांची भेटच होऊ द्यायची नाही, एवढी एक कला आप्पांना साधली होती. लग्नानंतर त्यांनी सुनेच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. त्यांचा पितळी तांब्या वेगळा, तो घरकामाला येणारी मैना भरायची.

तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून गंगारामनं हाक दिली. पालखीच्या सगळ्या व्यवस्थेत हा पुढं असायचा.

"आप्पानू! खालच्या वाडीतना पालखी उठली वो! तुमचा आंगण कोरडाच दिसतोय. टेकवायची खय?"

"होतंय, होतंय," आप्पा ओरडले. "तू जा पुढं."

गंगाराम गेला. आप्पा बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. मग पुटपुटले, "अडला हरी..."

"पाय माझे धरा मग," अक्षया म्हणाली. "तुमचा प्लास्टरात आहे."

आप्पांनी डोळे वटारले. पण वेळ तशीच होती. थोड्या वेळानं त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बरं, सारव. पण असं कर, ओटीपासून सुरुवात कर आणि बेड्याकडे सरकत जा. त्यानं काम चांगलं होतं."

अक्षयानं शेणात पाणी घालता घालता वर बघितलं. सारवणारी बाई उकिडवी बसून मागं मागं सरकते, आणि ओल्यावर पाय द्यायचा नसतो, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. ओटीपासून सुरुवात केली तर ती बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, रस्त्यावर निघणार होती. मधे सगळं ओलं अंगण. ते सुकेपर्यंत पालखी येणार, आणि घरची सून शेणाचे हात घेऊन वाटेवर उभी. म्हातारा अंथरुणाला खिळला असता तरी डाव टाकायचा राहिला नसता.

तिनं कोळशाची पूड शेणात कालवली, घमेलं उचललं आणि सरळ बेड्यापाशी जाऊन बसली. तोंड रस्त्याकडे, पाठ आप्पांकडे. पहिला हात फिरवला.

"अगो ए! तिकडनं नाही!"

दुसरा हात. शेण तिच्या बोटांखालून अर्ध्या चंद्रासारखं पसरत गेलं. आईच्या अंगणात ती हेच करत मोठी झाली होती.

"ऐकू येत नाही? ओटीकडून म्हटलं ना!"

ती मागं सरकली. आप्पा काठी आपटत राहिले. आधी तिला बोलले, मग तिच्या बापाला, मग बोटीवरच्या दर्शनला. "एवढं शिकवला, मोठा केला, आणि कुठल्या उकिरड्यावरून उचलून आणलीन ही घाण! डर्ट!"

अक्षयाचा हात थांबला.  मागं वळून न बघताच तिनं विचारलं, "कुठल्या अर्थानं, सर?"

लग्नानंतर ती त्यांना पहिल्यांदाच सर म्हणाली होती. काठी आपटायची थांबली. तिनं पुढचा हात फिरवला.

ती ओटीपाशी पोचली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं आणि बेड्याकडचा भाग सुकून पांढुरका पडू लागला होता. शेवटचा पट्टा आप्पांच्या खुर्चीखाली, ओटीच्या सावलीत. "पाय उचला," ती म्हणाली. त्यांनी प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी धरून कसाबसा वर घेतला. तिनं तेवढंही सारवलं, पायरी चढली आणि ओटीवर दाराला टेकून उभी राहिली. आता तिला बाहेर घालवायचं तर ओल्या अंगणातून घालवावं लागलं असतं.

ढोल अगदी जवळ आले तेव्हा ती हात धुवायला जाणार होती. पण पालखी बेड्यात आलीच. पुढं गंगाराम, मागं खांदेकरी, त्यांच्या मागं बायका. त्यांत नारळ घेतलेली मैनाही होती. गंगारामनं अंगण बघून मान डोलावली, मग त्याची नजर ओटीवर गेली. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात.

त्यानं ढोल थांबवायला लावले.

"आप्पानू, आंगण सारवलान कोणी?"

"मैनानं," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी मैनाकडे बघितलं. मैनानं नारळाकडे.

गंगारामला कळायचं ते कळलं. पण तो मुरलेला माणूस. "बरा तर. मैनान सारवलान." मग ओटीकडे बघून, "सूनबाय, तुम्ही आत जावा. हात धुवा. पालखी जाईस्तोवर बाहेर येऊ नका म्हंजी झाला."

एवढंच तर करायचं होतं. आत जायचं, नळ सोडायचा. पालखी टेकली असती, आप्पांचा मान राहिला असता, कोणी कधी विषय काढला नसता. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, चक्क विनवणी होती. अक्षयाला त्या विनवणीचाच जास्त राग आला.

"मी सारवलंय," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

खांदेकरी एकमेकांकडे बघू लागले. गंगारामचा चेहरा बदलला.

"मग ऱ्हाऊ दे. घाणीवर पालखी टेकत नाय."

तो शब्द आप्पांनी स्वतः सकाळीच वापरला होता. पण दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याच दारात, आपल्याच अंगणाकडे बोट दाखवून आलेला तो ऐकला आणि त्यांचा चेहरा वर्गात कोणी चुकीचं उत्तर दिल्यावर व्हायचा तसा झाला. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, खुर्चीतून पुढं वाकले. अक्षयाला वाटलं पडतात आता. पण ते पडले नाहीत. त्यांनी उजवा तळवा ओल्या पट्ट्यावर टेकवला आणि एक हात फिरवला. वेडावाकडा, कधी न केलेल्या माणसाचा.

"हे मी सारवलंय," शेणाचा पंजा गंगारामसमोर धरून ते म्हणाले. "आता घाण कोणाला म्हणतोस ते माझ्याकडे बघून म्हण."

गंगारामनं त्या पंजावरून नजर काढून घेतली. पालखी खांदेकऱ्यांच्या मनाविरुद्ध ओढ घेते, असं गावात सांगतात. आज तिची ओढ आणि गंगारामची मान बरोबर एकाच दिशेला, रस्त्याकडे वळली. ढोल पुन्हा सुरू झाले ते रस्त्यावर गेल्यावर. मैना बेड्यात जरा रेंगाळली, मग पदर सावरून मागं निघाली.

आप्पा बेड्याकडे बघत बसले होते. पालखी दारात येऊन न टेकता गेली, असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदा झालं होतं, आणि आता संध्याकाळच्या आत गावभर होणार होतं.   आपण जिंकलो असं अक्षयाला वाटलं नाही.

शेवटी आप्पांनी खुर्चीशेजारचा पितळी तांब्या डाव्या हातानं उचलला.

"पुढं कर हात," ते खेकसले.

तिनं हात पुढं केले. त्यांनी तांब्या तिरका केला. मैनानं काल भरलेलं पाणी तिच्या कोपरावरून, मनगटावरून हिरवट होत अंगणात पडू लागलं. तांब्या बराच रिकामा होईस्तोवर दोघंही त्या पाण्याकडेच बघत होते.

"पुढच्या वर्षी कोळसा जास्त घाल," आप्पा म्हणाले. "रंग फिका झालाय."