निळ्या पोलादावरचं कुंकू

आश्विनातली सकाळ. आजऱ्याच्या डोंगरांवरून धुकं ओसरत होतं, भातखाचरं सुवर्णपीत झाली होती, आणि कोवळं, केशरी ऊन उदाजीराव सरनोबतांच्या बैठकीत पाटावर मांडलेल्या बंदुकांवर येऊन टेकलं होतं.

खंडेनवमी होती. शस्त्रं पुजण्याचा दिवस.

पाच जुन्या शिकारी रायफली. शिकार कायद्यानं कधीच बंद झालेली. उरलं होतं ते केवळ सौंदर्य, निळं, निश्चल, निःशब्द. आणि त्या साऱ्यांत ती! अष्टकोनी नळीची, अक्रोडी दस्त्याची, शंभरी ओलांडलेली पंप-अ‍ॅक्शन रायफल. रिकामी असल्याची खात्री करून उदाजीरावांनी तिची लाकडी मूठ मागे ओढली, पुढे सारली. खट्-खटाक्! केवढा तो निर्मळ नाद! घडवणारा कोण, कुठला, कधीच मातीत मिसळला; तिचा सांधा एकही थकला नाही. म्हाताऱ्याचे डोळे दरवर्षी याच आवाजाला भरून येत.

पण नळीच्या नीलवर्ण अंगावर एक तांबूस डाग होता. बोटाच्या पेराएवढा.

त्यांच्या पत्नीचा, मनोरमाबाईंचा तो. लग्नानंतरच्या पहिल्याच नवमीला नव्या नवरीनं बंदुकीला ओलं कुंकू लावलं, ते रात्रभर तसंच राहिलं, आणि पोलाद गंजलं. उदाजीराव कडाडले. ती पदराआड हसली होती.

"सवतीला कुंकू लावलं, त्यात एवढं काय बिघडलं?"

पुढं आयुष्यभर तिनं कोरड्या अक्षताच वाहिल्या. डाग मात्र राहिला. गेल्या माघात ती गेली, आणि उदाजीराव रोज त्या डागावर बोट टेकवून बसू लागले.

या पावसाळ्यात गंज पसरला.

"आबा, आता घासायलाच हवा," लेक शर्मिष्ठा हलकेच म्हणाली. "नाहीतर नळीच खाऊन टाकील."

बंदूक राखावी तर तिच्या बोटाची खूण पुसली जाणार, खूण राखावी तर बंदूक जाणार. उदाजीरावांचा जीव तीळतीळ तुटला.

"घास," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तेलात भिजवलेला पॉलिशचा कागद फिरत राहिला. पांढऱ्या फडक्यावर तांबूस भुकटी उतरली. डागाच्या जागी रुपेरी, उघडं, अनोळखी पोलाद चमकू लागलं. नळी बरी झाली. उदाजीरावांना बैठक फार मोठी वाटली.

मग पूजा. झेंडू वाहिला, उदबत्ती दरवळली. शर्मिष्ठेनं अक्षता उचलल्या, तोच उदाजीरावांनी तिचा हात धरला. कुंकवाच्या वाटीत त्यांनी पळीभर पाणी ओतलं.

"ओलं लाव. तिथंच."

"आबा, पुन्हा गंजेल की!"

"गंजू दे, बाळ. तुझ्या आईच्या सवतीचं कपाळ उघडं नको."

शर्मिष्ठेची अनामिका वाटीत बुडाली, नळीवर टेकली. रुपेरी पोलादावर लाल, ओला, टपोरा टिळा उमटला, आणि आश्विनाचं ऊन त्याच्यावर हळूच येऊन बसलं.