पंचेचाळीसच्या वर नाही

आमच्या ह्यांनी आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासली आणि निवृत्त झाल्यावर कच्च्या खाण्याचं खूळ डोक्यात घेतलं. पदार्थ मंद आचेवर वाळवायचा डीहायड्रेटर आणला. आत जाळीचे ट्रे, मागे पंखा, आणि दिवसभर त्याची घरघर. "पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की अन्न मरतं," हे त्यांचं पालुपद. माझ्या गॅसकडे तर ते स्मशानाकडे बघावं तसे बघत. मी कानाडोळा करायचे. घरी बसलेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

लेक चार दिवस राहायला आली होती. सातवा महिना. बापाचं मन तिच्याच्याने मोडवत नाही. दुपारी मी कामावरून आले, तर दोघं टेबलाशी बसून लालसर चकत्या कुडूमकुडूम खात होती.

"आई, बाबांना आज जमलंय हं. सकाळपासून पाच खाल्ल्या मी."

"मोड आणून, वाटून वाळवल्यात," हे फुशारकीने म्हणाले. "आगीचा स्पर्श नाही!"

मी भाजीचे देठ टाकायला कचऱ्याचा डबा उघडला. वरच राजम्याची रिकामी पिशवी होती. तिच्या पाठीमागे ठळक छापलेलं: कच्चा खाऊ नये, विषबाधा होते. भिजवून खळखळून उकळावा. मी पिशवी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"अहो, हे वाचलंत का?"

त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मोड आणले होते गं मी," ते पुटपुटले.

लेकीने हातातली चकती खाली ठेवली. "आई, मळमळतंय मला," ती म्हणाली. "मघापासूनच. मला वाटलं, नेहमीचंच."

रिक्षात ती दोनदा ओकली. हेही ओकले, पण त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला होता, आणि संतापापेक्षा भीती मोठी होती. लेक दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. "आई, हालत नाहीये गं," ती एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात सलाईन लावलं. नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. तिने ते डावीकडे सरकवलं, मग खाली. पुन्हा खरखर. नवस बोलावा तर मला देवाचं नावही आठवेना. हे भिंतीला टेकून उभे होते, कुणी खुर्ची दिली तरी बसेनात.

मग ठोके ऐकू आले. भराभर, एकामागून एक.

"आहे, छान आहे," नर्स म्हणाली. लेक हुंदके देऊन रडली, मीही रडले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घ्यायला सांगितलं, आणि घोट घोट पाणी द्यायला.

नर्सने पेला लेकीच्या ओठांशी नेला. तेवढ्यात हे भिंत सोडून पुढे आले आणि त्यांनी तो मध्येच धरला. पाणी चादरीवर सांडलं.

"उकळलंय ना?" त्यांनी विचारलं.