एक्क्याण्णव टक्के चालणारी मुलगी

बिल्याना सोळा महिन्यांची झाली तरी चालत नव्हती. अठराव्या महिन्यापर्यंत थांबा, असं डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या होत्या. पण इतरांची वर्षाचीही न झालेली पोरं बागेत कबुतरांमागे पळताना बघत बसायचं, ते काही त्यांच्या नशिबी नव्हतं. माझी लेक घरात सोफ्याला धरून उभी राहायची, हात सोडायची आणि पहिल्या पावलालाच धप्पकन खाली. मग मी लॅपटॉप उघडायची आणि जे वाचू नये ते सगळं वाचून काढायची.

वाचणं हाच माझा धंदा म्हणा. सोफिया शहरातल्या एका संस्थेसाठी मी घरबसल्या अहवाल लिहिते: कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत अमेरिका काय करते, चीन काय करतो आणि आपण युरोपवाले काय करतो. हे तीन खंड एक दिवस प्लोव्दिवला सासूबाईंच्या दिवाणखान्यात येऊन भांडतील, असं मात्र वाटलं नव्हतं.

धाकटे दीर कालिन कॅलिफोर्नियात असतात. बाळांच्या हालचाली बघून भाकीत करणारं अ‍ॅप त्यांची कंपनी बनवते. त्यांना मी बिल्यानाचे व्हिडिओ पाठवले. कामावर असल्या गोष्टींवर मी लाल शेरे मारते, पण आईपणाचं खातं वेगळं असतं. उत्तर आलं: शनिवारपर्यंत चालण्याची शक्यता एक्क्याण्णव टक्के.

सासूबाईंनी आकडा ऐकला आणि सरळ पहिल्या पावलांच्या सणाची आमंत्रणं देऊन टाकली. गोल पाव घरंगळत सोडायचा, पोरानं त्यामागे चालत जायचं आणि मांडलेल्या वस्तूंतून एक उचलायची. ते त्याचं पुढचं आयुष्य. पण हा सण मूल चालल्यावर करतात. टक्क्यांवर नाही.

"आई, ती अजून चालत नाही," मी म्हटलं.

"यंत्र म्हणतंय ना चालेल? मग आपण का अडवायचं?"

शनिवारी कालिन विमानानं हजर. शेजारणी चीज भरलेल्या, खुसखुशीत बानित्साची ताटं घेऊन आल्या. आणि चीनमध्ये शेन्झेनला खेळण्यांच्या कारखान्यात काम करून नुकतीच परतलेली धाकटी नणंद झोरनित्सा एक रंगीत चटई घेऊन आली. बाळ वरून चाललं की ही चटई पावलं मोजते आणि शाबासकी देते.

"वहिनी, तिकडे घराघरांत आहे ही. आणि स्वस्त इतकी, की तुम्हाला सांगायची लाज वाटते."

"पण वन्सं, मोजलेली पावलं जातात कुठे?"

"कुठे म्हणजे? पुढे."

कालिन हसले. "तिच्या चटईला कळलं ते सरकारला कळलं."

"आणि तुझ्या अ‍ॅपला कळलं ते जाहिरातवाल्यांना," झोरनित्सा म्हणाली. "माझी चटई निदान काम करते, दादा. नुसती भविष्यं सांगत नाही."

"आम्ही आधी बाजारात आणतो. चुका नंतर काढतो."

"कुणाच्या पोरांवर?"

"मग वहिनींसारखं करू? पोर रांगायच्या आत चालण्याची नियमावली तयार."

"तिघंही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "पाव गार होतोय."

पाव सोडला. तो चटईवरून घरंगळत थेट खिडकीपर्यंत गेला. बिल्याना टेबल धरून उभी राहिली, पावाकडे बघून हसली, हात सोडले. पाय सर्रकन पुढे गेला आणि ती बसली. पुन्हा उभी, पुन्हा धप्प. चटई गोड आवाजात काहीतरी चिनी बोलली.

"ती म्हणते, आणखी प्रयत्न करा," झोरनित्सा पुटपुटली.

कालिननी फोन बघितला. "आता चौऱ्याण्णव टक्के झालेत, वहिनी."

"होईल हो," एक शेजारीण म्हणाली. "माझ्या बहिणीचा नातू तर तीन वर्षांचा होईस्तोवर..." दुसरीनं तिला कोपर मारलं. ते मला दिसलं. स्विलेननं, माझ्या नवऱ्यानं, माझा हात धरला.

मग मी तेच विचारलं, जे प्रत्येक अहवालात विचारते. खरं तर दुसरं काही सुचतच नव्हतं. "भावजी, तुमचं अ‍ॅप कुणाच्या पोरांवर शिकलं?"

"हजारो पोरांवर."

"दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. उन्हाच्या खोल्या, गालिचे, आणि गुबगुबीत उघडी पावलं. मी चटईचं खोकं उलटं केलं. चित्रातलं चिनी बाळसुद्धा अनवाणी. या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

सगळ्यांचे डोळे बिल्यानाच्या पायांकडे वळले. सासूबाईंनी विणलेले जाड लोकरी मोजे. खाली गुळगुळीत चटई, तिच्या पलीकडे पाहुण्यांसाठी मेण लावून घासलेली लाकडी फरशी. आमच्याकडे गारठा बाधेल म्हणून बाळाचा उघडा तळवा जमिनीला लागू देत नाहीत. मी तर भर उन्हाळ्यातही वारा येतो म्हणून खिडक्या लावून घेणारी.

"काढते मी ते," मी म्हटलं.

"मूत्रपिंडं गारठतील तिची," सासूबाई म्हणाल्या.

"जून आहे, आई."

"जूनमध्येच तर बाधतं."

मी मोजे काढले. बिल्यानानं आपली बोटं पसरून बघितली, जणू कुणी नवी आणून दिली होती. मग उठली. चटई सोडून बाजूच्या फरशीवरून, हात पंखांसारखे धरून, डुलत डुलत गेली आणि खिडकीपाशी पावावरच बसली. चटई गप्प होती. कालिन फोनवर चित्रण करत होते, पण फोनसमोर नेमकी शेजारीण उभी होती.

"वहिनी, पुन्हा एकदा चालवता येईल का तिला?"

झोरनित्सानं माझ्यासाठी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

कात्री, पुस्तक, कंगवा तसेच राहिले. बिल्यानानं आपल्या खालचा पाव तोडून तोंडात घातला. "उपाशी नाही मरणार," असा निकाल देऊन सासूबाईंनी उरलेल्या पावावर मध ओतला. नातीचे पाय तळहातांत चोळत त्या कालिनना म्हणाल्या, "तुझ्या त्या यंत्राला सांग, जगात मोजे घालणारी पोरंही असतात."

कालिननी ते खरोखर टिपून घेतलं.

बिल्यानानं पाय सोडवून घेतले आणि गॅलरीच्या उघड्या दाराकडे निघाली, थेट वाऱ्यात. मी तिच्यामागून गेले, हात पाठीशी बांधून.