अर्डिसबाईंचा शेवटचा तुकडा

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, नॉर्बी गावच्या लुथरन चर्चच्या तळघरात, गोधडी मंडळाच्या नऊ बायकांसमोर अर्डिस टॉलेफसनबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपासून माझ्या घरात कापडाचा एक इंचही नवा येणार नाही. आहेत ते सगळे तुकडे मी वापरून संपवणार. अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत. देव साक्षी आहे!"

कोपऱ्यात कॉफीचं भांडं खदखदत होतं. देव साक्षी होता हे खरंच. पण त्याला हेही दिसत होतं, की वर आवारात उभ्या असलेल्या अर्डिसबाईंच्या गाडीच्या डिकीत, बर्फ उपसायच्या फावड्याखाली, सहा वार नवंकोरं निळं कापड पडलं होतं. ते नऊ वाजता घेतलेलं. प्रतिज्ञा साडेदहाची. तेव्हा ते धरायचं नाही, असा निकाल अर्डिसबाईंनी स्वतःच्या बाजूने केव्हाच देऊन टाकला होता.

"वेंडेलच्या गुडघ्यापायी का गं?" शेजारच्या मर्नाने सुई न थांबवता विचारलं.

गुडघ्यापायीच. अर्डिसबाईंच्या नवऱ्याचा, म्हणजे वेंडेलचा, डावा गुडघा तीन आठवड्यांनी बदलायचा होता आणि पुढे सहा आठवडे जिना चढायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. झोपायच्या खोल्या वर, चौदा पायऱ्यांवर. खाली एकच खोली, ती शिवणाची. त्या खोलीत एक पलंग आहे, याबद्दल नवराबायकोचं एकमत होतं. मात्र तो नक्की कुठे आहे हे सांगता येत नव्हतं. त्यावर शेवटचा पाहुणा झोपून गेला त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून गोधड्यांतून उरलेले तुकडे तिथे येत गेले. पट्ट्या, चौकोन, त्रिकोण, आणि ज्यांना भूमितीत नाव नाही असे आकार. खोक्यांत, उशीच्या अभ्र्यांत, आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांत.

"खोली मोकळी होत नसेल तर मी नेते त्याला सहा आठवडे," वेंडेलची थोरली बहीण लव्हॉन म्हणाली होती. "माझ्या घरात शोधून चिंधी सापडायची नाही."

चिंधी! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात वेंडेलने हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तो 'तुकडे' म्हणायचा, तेही जरा आदराने. ही नणंदबाई मात्र स्वयंपाकघरात उभी राहून तो शब्द तीनदा बोलून गेली.

"तुला जायचंय का तिच्याकडे?" ती गेल्यावर अर्डिसबाईंनी विचारलं.

"तशी ती वाईट नाही," वेंडेल म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिच्याकडे रात्री आठला दिवा बंद करतात, अर्डिस. मे महिन्यात आठला बाहेर ऊन असतं. आणि तिच्या कॉफीतून कपाचा तळ दिसतो."

वेंडेलच्या हिशेबाने हा आक्रोश होता. लग्नानंतर दोघं चारच रात्री वेगळी झोपली होती, त्यातल्या तीन बर्फाच्या वादळामुळे. अर्डिसबाईंनी त्याच क्षणी ठरवलं, माणूस घरीच येईल.

पहिल्या आठवड्यात त्यांनी धडाक्याने तुकडे जोडले. बोटाएवढ्या कपट्याला कपटा, आठ दिवसांत तीन गोधड्यांचे वरचे भाग तयार! मग त्यांच्या लक्षात आलं, की गोधडीला पाठही लागते. पाठ अखंड हवी आणि तुकड्यांच्या ढिगात अखंड काहीच नव्हतं. निळं कापड पाठीला लावण्याचा विचार मनात येऊन गेला, पण इतकं सुरेख निळं कापड पाठीला लावतात का कुठे? तेव्हा प्रतिज्ञेच्या नवव्या दिवशी त्या दुकानात गेल्या. पाठीचं कापड चारी बाजूंनी चार बोटं जास्तच घ्यावं लागतं, हे मंडळातलं कुणीही सांगेल. टाके घालून झाल्यावर ते जास्तीचं कापून टाकायचं. टाकायचं म्हणजे आइस्क्रीमच्या बादलीत.

तीन गोधड्या झाल्या, त्या चर्चला दिल्या. घरी तुकड्यांच्या दोन बादल्या वाढल्या.

"कमी झाल्यासारखं वाटतंय का रे?" त्यांनी विचारलं.

वेंडेलने दारातून आत पाहिलं. दार निम्मंच उघडत होतं. "पडदा दिसतोय," तो म्हणाला. "याआधी दिसत नव्हता."

दुसऱ्या आठवड्यात मंडळाचं फुकटाचं टेबल होतं. नको असलेलं कापड पिशवीत भरून टेबलावर ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं, कोण देतं आणि कोण नेतं तिकडे बघायचं नाही. अर्डिसबाईंनी सहा पिशव्या ठेवल्या आणि नजर वळवली. वळवलेली नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या पिशवीवर पडली. तिच्यातून मोहरीच्या रंगाची एक पट्टी डोकावत होती. नेमक्या अशाच पट्टीवाचून त्यांची एक गोधडी तीन वर्षं अडली होती. घरी येताना गाडीत दुसऱ्यांच्या सात पिशव्या होत्या. पट्टीवाली पिशवी उपडी केली, तर तिच्यात त्यांच्याच जुन्या स्वयंपाकघराचा पडदा निघाला, कोंबडे छापलेला. ती पिशवी बारा वर्षांपूर्वी त्यांनीच टेबलावर ठेवली होती. गावातली चार घरं फिरून ती परत आली होती आणि वाटेत थोडी जाड झाली होती.

पट्टी तेवढी काढून घेऊन ती पिशवी मात्र त्यांनी तडक मर्नाच्या दारात नेऊन ठेवली, घंटा वाजवली आणि पळ काढला. वय वर्षं बाहत्तर.

राहिली कुत्र्यांची सोय. अभ्र्यांत तुकडे कोंबून भटक्या कुत्र्यांच्या आसऱ्याला गाद्या करून द्यायच्या, हा मंडळाचा जुना उद्योग. अर्डिसबाईंनी फोन लावला.

"बाई, हात जोडते," पलीकडची बाई म्हणाली. "आमच्याकडे अकरा कुत्री आहेत आणि चौसष्ट गाद्या. कुत्री जमिनीवर झोपायला लागलीत."

ऑपरेशन आठवड्यावर आलं तेव्हा पलंग एकदाचा सापडला. लव्हॉनबाई टेप घेऊन हजर झाल्या. इस्पितळाने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, की पलंग जमिनीपासून वीस इंच तरी उंच हवा, त्याहून खाली बसलं तर नव्या गुडघ्याला उठता येणार नाही.

"सोळा," लव्हॉनबाईंनी टेप सटकन बंद केली. "माझ्या पाहुण्यांचा एकवीस आहे. त्याचे पायजमे भरून ठेव गं. आणि या चिंध्या जाळ एकदाच्या."

अर्डिसबाईंनी पलंगाकडे पाहिलं. मग भिंतीपाशी रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं. मग पुन्हा पलंगाकडे. चार इंच.

त्यांनी मर्नाला फोन केला. "ये. मोठं कुत्रं आहे."

खोळीसाठी अखंड कापड हवं होतं. अर्डिसबाई गाडीकडे गेल्या, फावडं बाजूला केलं आणि जड मनाने निळं कापड बाहेर काढलं. खोळ शिवली. मग दोघी पसा-पसा तुकडे भरत सुटल्या. मर्ना मधूनच हात थांबवायची.

"अगं, हा तुझ्या सुनेच्या झग्यातला ना?"

"माजी सून. खाली दाब."

बादल्या रित्या झाल्या, खोकी रिती झाली. दोघींनी बूट काढून गादीवर फेऱ्या मारल्या, जाड दोऱ्याने जागोजागी टाके घेतले. एक म्हातारा पेलता यावा म्हणून केलेली ती गादी उचलायला आता दोन तरणे गडी लागले असते. त्यांनी टेप लावली. साडेएकोणीस.

अर्डिसबाई मटकन खाली बसल्या. खोलीत भिंती होत्या, पडदा होता, मशीन होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना तुकडे कमी पडले होते.

"माझ्या दारात एक पिशवी कुणीतरी टाकून गेलंय," मर्ना छताकडे बघत म्हणाली. "कोंबड्यांची."

"असं?" अर्डिसबाई म्हणाल्या. "लोक तरी काय एकेक."

पिशवी आली आणि शिवण उसवून कोंबड्यांसकट आत गेली. वीस इंच आणि वर एक बोट.

ऑपरेशन होऊन पुढच्या शुक्रवारी वेंडेल घरी आला. चार पायांचा वॉकर टेकत, दर पावलाला थांबत तो खोलीत शिरला, वळला, बसला आणि आडवा झाला. लव्हॉनबाईंनी दोनदा मोजून पाहिलं. मग गादीत बोट खुपसून म्हणाल्या, "ढेकळं आहेत हिच्यात."

"वाईट नाही," वेंडेल म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती गावात कुणी ऐकली नव्हती. लव्हॉनबाईंनी आणलेलं हॉटडिशचं, म्हणजे बटाटे-मांस एकत्र भाजलेल्या जेवणाचं, भांडं ओव्हनवर ठेवलं, त्यात मीठ नाही हे आवर्जून सांगितलं, आणि त्या गेल्या.

दुपारचं ऊन रिकाम्या जमिनीवर पसरलं होतं. अर्डिसबाई खुर्ची ओढून बसल्या. कॉफी काळीभोर होती, नवरा घरात होता आणि घरात एक तुकडा उरला नव्हता. खोक्यात नाही, बादलीत नाही, मशीनखालीसुद्धा नाही. मंगळवारी तळघरात उभं राहून हे कोणत्या शब्दांत सांगायचं, याची त्या मनात जुळवाजुळव करू लागल्या. सुरुवात देवापासूनच करावी असं ठरत होतं.

वेंडेलने चष्मा काढला, उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"अर्डिस," तो म्हणाला, "काच पुसायला एखादी चिंधी देतेस का गं?"